शेफिल्डचं एक्लसॉल वूड्स : लेकीच्या बाळंतपणाला तिकडे जाणाऱ्या सगळ्या आयांसाठी

परत येऊन महिना झाला, लावणी उरकत आली, आज पावसाने जरा उघडीप दिलीय आणि लाईटही आहे म्हणून लिहायला बसले. आमच्या रत्नागिरीजवळच्या पावस पट्ट्यात हल्ली बऱ्याच घरातलं कोणी ना कोणी इंग्लंडात आहे, कोणाची लेक नर्स, कोणाचा मुलगा आयटीत, आणि मग बाळंतपणं निघाली की इकडून आया निघतात, बॅगेत डिंकाचे लाडू, हळीव, सुंठ, नातवंडाची टोपडी-दुपटी. निघायच्या आधी सगळ्या एकच विचारतात, तिकडे बघण्यासारखं काय आहे गं? कोणी लंडनचा पूल सांगतं, कोणी तो मोठा पाळणा सांगतं. मी सांगते, शेफिल्डला असाल किंवा त्याच्या आसपास असाल तर एक्लसॉल वूड्स नावाचं रान आहे तिथे जा. आणि एकदा जाऊन फोटो काढून परत येऊ नका, दोन-चारदा जा. मी अडीच महिन्यात वीस वेळा तरी गेले असेन. तिकीट नाही, फाटक नाही, बंद व्हायची वेळ नाही. स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे सांगते.

आधी हे सांगायला हवं की मी पाच वर्षांपूर्वी ह्यांच्याबरोबर एका टूर कंपनीतून इंग्लंड बघून आले होते. नाव घेत नाही. नऊ दिवस बसमध्ये, सकाळी सातला बॅगा खाली, खिडकीतून हा राजवाडा तो चर्च, उतरा, वीस मिनिटं, चढा. हिरवंगार काहीतरी मैलोन्मैल बाहेरून जात राहायचं आणि मला सारखं वाटायचं की अहो जरा थांबवा, त्या झाडांखाली उतरू तरी द्या. कोणी थांबवलं नाही. परत आल्यावर इंग्लंड कसं आहे विचारलं की माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तर ती रुखरुख ह्या वेळी गेली.

जायचं कसं ते सांगते. शेफिल्ड शहराच्या मध्यापासून नैऋत्येला साधारण सहा किलोमीटरवर हे रान. शेफिल्ड स्टेशनातून डोअर अँड टॉटली नावाच्या स्टेशनला लोकल गाडी जाते, दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, उतरलात की रान जवळच. बसही जाते. आमची लेक मिलहाउसेस भागात राहते, तिथून मी चालत जायची, अर्धा तास, वाटेत पार्क आणि शीफ नावाची लहान नदी, ह्या शीफवरूनच शहराचं नाव शेफिल्ड पडलं. रानाचा आकार सुमारे 140 हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेतीनशे एकर. शहराला लागून एवढं मोठं रान राहिलं कसं असं मी जावयांना विचारलं, तर ते म्हणाले 1927 साली शहराच्या पालिकेने ते विकत घेतलं, नाहीतर तिथे घरांची वसाहत झाली असती. आजूबाजूला बघितलं की पटतं, रान संपतं तिथे लगेच बंगले सुरू होतात.

आता बाळंतपणाला गेलेल्या बाईला रानात फिरायला वेळ कुठे, असं वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. नात मार्चच्या शेवटी झाली. तिकडे दाई घरी येते तपासायला, ती दहाव्या दिवशीच लेकीला म्हणाली की बाळाला घेऊन बाहेर पड, चाल थोडी, ऊन खा. मी म्हटलं सव्वा महिना होईपर्यंत माझी लेक उंबऱ्याबाहेर जाणार नाही. दोघी हट्टाला पेटलो, शेवटी लेक म्हणाली, "आई, मी थांबते सव्वा महिना, पण तू तरी जा गं, तू घरात बसून बसून कोमेजलीस." तेव्हा पहिल्यांदा जावई मला घेऊन गेले, एप्रिलचा दुसरा आठवडा असेल. आंब्याचा हंगाम ऐन भरात, पेट्या भरायला मी घरी नाही असं लग्नानंतर पहिल्यांदाच, जीव इकडे अडकलेला. आणि तिकडे समोर सगळी झाडं उघडी, पानं नाहीत, काळ्या फांद्या. मी म्हटलं हे काय रान? आपल्याकडे वणवा लागून गेल्यावर दिसतं तसं.

जावई म्हणाले खाली बघा.

खाली जमिनीवर पांढरी फुलं, चांदणं सांडल्यासारखी, सहा-सात पाकळ्यांची, वूड ॲनिमनी म्हणतात त्यांना. आणि त्यांच्या मधून मधून कांद्याच्या पातीसारखी गडद हिरवी चकचकीत पानं वर आलेली, सगळीकडे, नजर पोचेल तिथपर्यंत. ती ब्ल्यूबेल. अजून दोन आठवडे थांबा म्हणाले.

दोन आठवड्यांनी गेले तेव्हा खरंच मला काही सुचलं नाही. पूर्ण जमीन निळी. निळी म्हणजे आपल्या सड्यावर, उघड्या कातळावर, श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं फुलतात ना, तो निळा-जांभळा, पण इथे तो झाडांच्या खाली, उतारावरून खाली ओहोळापर्यंत, धुक्यासारखा पसरलेला, बुंधे त्यातून वर आलेले. वास येतो, मंद, गोडसर, हवा थंड असताना जास्त. मी खाली बसून एक फूल नीट बघितलं. देठ वर सरळ जातो आणि टोकाला एका बाजूला वाकतो, मान कलती केल्यासारखा, आणि सगळी फुलं त्याच बाजूला लोंबतात, लांबट घंटा, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली, आतले पराग सायीच्या रंगाचे. लेकीच्या शेजारी एक आजी आहेत, त्यांनी मला सांगितलं की हे बघून अस्सल ओळखायचं, कारण बागांमध्ये स्पेनची म्हणून दुसरी जात लावतात, ती सरळ उभी असते, फुलं सगळ्या बाजूंनी येतात आणि पराग निळसर. जगातल्या ब्ल्यूबेलपैकी जवळजवळ निम्म्या ब्रिटनमध्येच आहेत म्हणतात.

हे असं का होतं ते समजल्यावर मला जास्त आवडलं. तिकडची झाडं थंडीत पानं टाकतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन थेट जमिनीवर पडतं, आणि वर पालवी दाट होऊन अंधार व्हायच्या आत ह्या कंदांना आपलं सगळं उरकायचं असतं, पानं, फूल, बी, पुढच्या वर्षाचं अन्न कंदात साठवणं, सगळं त्या दोन-तीन महिन्यात. मेच्या अखेरीला गेले तेव्हा वर ओक आणि बीचची पानं गच्च, खाली ब्ल्यूबेलच्या शेंगा आणि पिवळी पडलेली पात. म्हणून आपल्याकडे देवरहाटीत, देवासाठी राखलेल्या रानात, असा फुलांचा गालिचा कधी दिसत नाही, तिथे बारा महिने वर छत, खाली सावली आणि ओला पाचोळा. आपली फुलं उघड्या कातळावर येतात, पावसात. मी इतकी वर्षं देवरहाटीत आणि सड्यावर दोन्हीकडे जाते पण हा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

एक कळकळीची विनंती, फुलांच्या मधे पाय टाकू नका. फोटोसाठी मधे जाऊन बसणारे तिकडेही आहेत आणि आपलेही आहेत, मी बघितले. फूल परत येईल असं वाटतं, पण तुडवली जाते ती पात, आणि पात मेली की कंदाला अन्न मिळत नाही, पुढची कितीतरी वर्षं तिथे फूल येत नाही. कंद उपटून आणणं तर तिकडे कायद्यानेच गुन्हा आहे. वाटेवरून बघा, वाटेवरून भरपूर दिसतं.

ओहोळाच्या बाजूला गेलात की अचानक फोडणीचा वास येईल. मी थांबलेच, म्हटलं रानात लसूण कोण ठेचतंय. ती रानलसूण, रुंद पानं, पांढरी चांदणीसारखी फुलं, ओलाव्याला माजलेली. तिकडचे लोक तिची पानं नेतात, चटणी करतात. मला फोडशी आठवली, पहिल्या पावसात आपण डोंगरावरून आणतो ती. पण मी सांगेन की ओळख असल्याशिवाय तोडू नका, कारण तिच्यातच मिसळून दुसरी एक वनस्पती येते आणि ती विषारी आहे, पानं कोवळी असताना पटकन फरक कळत नाही. मला मात्र ती दुसरी बघूनच ओळखीची वाटली. हिरवट फिकट एक पान गुंडाळून टोपी केल्यासारखं आणि आत जांभळट तपकिरी दांडा उभा. अगदी शेवळं! आपण ज्येष्ठात आणतो, काकडं घालून शिजवतो नाहीतर घशाला खाजतं, तीच. लेकीला फोटो दाखवला, तिने शोधून सांगितलं की आई खरंच ते शेवळाच्याच कुळातलं आहे. सातासमुद्रापार आपल्या शेवळाची चुलत बहीण भेटली, मला इतका आनंद झाला, पण हातसुद्धा लावला नाही.

आता ज्यासाठी मी हे एवढं लिहिते आहे ते. हे रान नुसतं झाडांचं नाही. तिकडे 1600 सालापासून जिथे अखंड झाडी आहे त्या जागेला प्राचीन वनभूमी म्हणतात, आणि हे त्यातलं. पण प्राचीन म्हणजे कोणी हात न लावलेलं, असं मला वाटत होतं, ते चूक. ह्या रानात शेकडो वर्षं माणसं राबली. झाड जमिनीलगत तोडायचं, बुंध्याला फुटवे येऊ द्यायचे, ठराविक वर्षांनी परत तोडायचे, काही मोठी झाडं इमारतीच्या लाकडासाठी राखायची. आपल्या ऐन-किंजळीला तोडीनंतर फुटवे येतात तसंच. फरक इतकाच की तिथे परत तोडायच्या आधी ते पुरते वाढू देत. आणि त्या लाकडाचा कोळसा करायचे. शेफिल्ड म्हणजे सुऱ्या-कात्र्यांचं, पोलादाचं गाव, त्याला कोळसा ह्या अशा रानांनी दिला.

पायवाटेच्या कडेला उतारावर मधेच सपाट गोल जागा दिसते, खळ्यासारखी, चार-पाच पावलांची. मी पहिल्यांदा तशीच पुढे गेले होते. जावयांनी पाचोळा बुटाने बाजूला केला तर खाली माती काळी. कोळशाच्या भट्टीची जागा. एकदा नजर बसली की मग ठिकठिकाणी दिसायला लागतात.

आणि त्याच रानात एक दगड आहे, थडग्यासारखा, झाडांमध्ये एकटाच. त्यावर जॉर्ज यार्डली नावाच्या कोळसेवाल्याची आठवण कोरली आहे. 11 ऑक्टोबर 1786 ह्या दिवशी तो ह्याच जागी आपल्या खोपटीत जळून मेला. खाली दगड लावणाऱ्यांची नावं आणि प्रत्येकाचा धंदा. त्यात खराटे बांधणारा आहे, खानावळवाला आहे. राजा नाही, सरदार नाही, जमीनदार नाही. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. नातीची बाबागाडी बाजूला, ती झोपलेली. पक्ष्याचा आवाज, दूरवर गाड्या. सव्वादोनशे वर्षांहून जास्त झाली, एका खराटेवाल्याने आपल्या मित्रासाठी पैसे काढले आणि दगड लावला, आणि आज पावसजवळच्या एका वाडीतली बाई तिथे उभी राहून त्याचं नाव वाचते.

परत आल्यावर हे फोटो मी पडवीत बसून सगळ्यांना दाखवले. ब्ल्यूबेलचे फोटो बायकांनी बघितले, छान छान म्हणाल्या. आमच्या वाडीत एक दादा आहेत, सत्तरीच्या पुढचे, तरुणपणी चिपळूणच्या वरच्या अंगाला कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला असायचे. ते मागे उभे राहून बघत होते. त्या सपाट गोल जागेचा फोटो आला, मी काही बोलायच्या आत म्हणाले, "ही तर भट्टीची जागा. उतारावर अशीच बसवायला लागते."

मी मोबाईल त्यांच्याच हातात दिला. मग ते बोलत बसले, अर्धा तास तरी. लाकडं कशी उभी रचायची, मधे पोकळी कशी ठेवायची, वर पाला, त्यावर ओली माती लिंपायची, खाली बारीक भोकं. विस्तव आतून लावायचा आणि मग तो जळू द्यायचा नाही, नुसता धुमसू द्यायचा. सुरुवातीला धूर पांढरा दाट, म्हणजे लाकडातलं पाणी जातंय. धूर निळसर आणि विरळ झाला की कोळसा तयार. मधे कुठे माती फुटली आणि वारा आत शिरला तर भसकन पेट घेते, सगळ्या लाकडाची राख आणि पगार बुडाला. म्हणून रात्रंदिवस बाजूला खोपटी बांधून राहायचं, आळीपाळीने जागायचं. तो यार्डली खोपटीत का होता हे मला तेव्हा नीट समजलं. मी दादांना सांगितलं की हा माणूस असा असा मेला. त्यांनी दगडाचा फोटो मोठा करून बघितला, इंग्रजी येत नाही त्यांना, तरी बघितला, आणि विचारलं, "ह्याचं नाव कोणी लिवलं? मालकानं?" मी म्हटलं नाही दादा, त्याच्या बरोबरच्यांनी. ते काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि गेले.

बरं, पुढे. कोळशाच्या भट्ट्यांबरोबर तिथे दुसऱ्या प्रकारचे खड्डेही आहेत, इंग्रजी क्यू अक्षरासारखे, एक गोल आणि त्याला एक तोंड. त्यात कोळसा नाही करायचे, लाकूड वाळवून अगदी ठणठणीत कोरडं करायचे. शेजारच्या डर्बीशायर परगण्यात शिशाच्या खाणी, आणि शिसं वितळवायला कोळशाची आच फार कडक होते, म्हणून हे वाळवलेलं लाकूड, पांढरा कोळसा म्हणायचे त्याला. सोळाव्या ते अठराव्या शतकातलं काम. आता त्या खड्ड्यांतून झाडं आलीत, माहीत नसेल तर नुसता खड्डा वाटेल, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि कातळशिल्पं! हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, जावयांनाही माहीत नव्हतं, मीच वाचून काढलं. ह्या रानात एक कोरीव दगड आहे, इतिहासाच्या आधीच्या काळातला, त्यावर वाटीसारखे खळगे आणि रेघा. 1981 साली सापडला. म्हणजे तोपर्यंत लोक त्याच्यावरून ये-जा करत होते. आपल्या रत्नागिरीच्या सड्यांवर तेच ना, उक्षीचा हत्ती, कशेळीचा तो भलामोठा हत्ती ज्याच्या पोटात बाकीचे प्राणी कोरलेत, बारसूचा माणूस आणि वाघ, गुरं चारायला नेणाऱ्यांना ठाऊक होतं काहीतरी आहे, पण जगाला कळायला किती वर्षं गेली, 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत ह्या चित्रांचं नाव गेलं तेव्हा कुठे आमच्या इथल्या लोकांनी मुलांना न्यायला सुरुवात केली. तिकडचा दगड आकाराने आपल्यापुढे काहीच नाही, हे स्पष्ट सांगते. आपल्या सड्यावरची चित्रं बघून गेलेल्याला तो लहान वाटेल. पण खळग्यात बोट ठेवावंसं वाटतं (ठेवू नका), आणि शोधताना रान निम्मं पायाखालून जातं.

रानातून लिम्ब ब्रुक नावाचा पऱ्या वाहतो. घोट्याएवढं पाणी, स्वच्छ, दगडांवरून. हा पऱ्या एकेकाळी दोन राज्यांची हद्द होता, एका बाजूला मर्सिया, दुसऱ्या बाजूला नॉर्थम्ब्रिया, आणि अगदी विसाव्या शतकापर्यंत यॉर्कशायर आणि डर्बीशायरची शीव तीच. पलीकडच्या गावाचं नाव डोअर, म्हणजे दारच. 829 साली वेसेक्स ह्या तिसऱ्या राज्याच्या एगबर्ट राजापुढे नॉर्थम्ब्रियाच्या लोकांनी तिथे शरणागती पत्करली. आपल्याकडे दोन गावांची शीव पऱ्यावरून ठरते आणि त्यावरून भांडणं होतात, तिकडे राज्यं ठरली. मी तो पऱ्या एका ढांगेत ओलांडला.

रानाचा एक भाग पक्ष्यांसाठी राखलेला आहे, तिथे कोणीच जायचं नाही. कुंपणापलीकडे वाळलेली झाडं पडली तरी तशीच. हे बघून मला घरच्यासारखं वाटलं. आमच्या देवरहाटीत वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, आजेसासूबाई सांगायच्या की देवाची लाकडं घरात आणलीस तर चूल पेटायची नाही. तिथे देव नाही, पक्षी आहेत, पण हात लावायचा नाही हे तेच. सुतार पक्षी बाहेरच्या भागातही खूप, सकाळी लवकर गेलात तर त्याचं खोडावर टकटक नाही, ढोल वाजवल्यासारखं जलद घुमतं, कुठून येतंय कळत नाही. आपला ककणेर, म्हणजे धनेश, नाही तिकडे, त्या पंखांचा आवाज मला चुकल्यासारखा वाटायचा.

सोयी सांगते पटपट. ॲबी लेनच्या बाजूला एक केंद्र आहे, जे. जी. ग्रेव्ह्ज ह्यांच्या नावाचं. हे गृहस्थ हप्त्यावर घड्याळं विकत विकत टपालाने माल पाठवण्याच्या धंद्यात मोठे झाले आणि मग शहराला बागा, चित्रांचं दालन असं बरंच काही देऊन गेले. तिथे लाकूडकामाच्या शाळा होतात, चहा-कॉफी मिळते, बाहेर लाकडी बाकं. मी थर्मासमध्ये आल्याचा चहा नि डिंकाचा लाडू घेऊन जायची, बाकावर बसून प्यायची. ठराविक रविवारी त्याच भागात छोटी आगगाडी चालते, खरी वाफेची इंजिनं पण गुडघ्याएवढी, त्यावर मुलं पाय सोडून बसतात, हौशी लोकांनी स्वतः बनवलेली. मोठी नातवंडं असतील तर तो रविवार गाठा. आणि जवळच ॲबीडेल इंडस्ट्रियल हॅम्लेट आहे, जिथे गवत कापायचे लांब विळे करायचे, पाण्याची चाकं, मोठे हातोडे, मुशीत पोलाद वितळवायची भट्टी. रान बघून मग तिथे गेलं की पोलादाचं काम कसं चालायचं ते डोळ्यासमोर उभं राहतं. उघडं कधी ते आधी बघून जा.

बूट मात्र हवेतच. मी पहिल्या दिवशी साध्या कॅनव्हासच्या बुटात गेले आणि मोजे घोट्यापर्यंत चिखलात. आपल्याला वाटतं आपण कोकणातल्या, चिखलाचं आपल्याला काय, पण तो चिखल वेगळा आहे. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शेफिल्डला साधारण 800, तरी आपल्या जांभ्यातून पाणी झिरपून जातं, वाट तासाभरात चालण्यासारखी होते. तिथली माती चिकण, ऊन कमी, एकदा भिजली की आठवडा-आठवडा तशीच. बाबागाडी मोठ्या चाकांची असेल तर मुख्य रुंद वाटांवरून जाते, बारीक वाटांवर नेऊ नका, मुळं वर आलेली असतात. एप्रिलमध्ये स्वेटर आणि कानटोपी, मी नऊवारी नाही पण साडी नेसूनच गेले काही वेळा, वर जॅकेट, काही अडचण आली नाही. कुत्री पुष्कळ असतात आणि मोकळी असतात, धावत येतात, मालक लगेच हाक मारून बोलावतात, घाबरणाऱ्यांनी तयारी ठेवावी. मे महिन्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घरचा स्वयंपाक, बाळाची आंघोळ, मालीश, धुरी सगळं आटोपून सुद्धा जाता येतं, ही सगळ्यात मोठी सोय.

अर्धा स्टार कशासाठी कापला, तर रस्त्यांसाठी. मधून गाड्यांचे रस्ते जातात, रानाचे तुकडे झालेत, एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना भरधाव गाड्यांतून रस्ता ओलांडावा लागतो, आणि बराच आत गेलं तरी गाड्यांचा आवाज पाठ सोडत नाही. ब्ल्यूबेलमध्ये उभं राहून डोळे मिटले की हे फार जाणवतं. वाटाही खूप फुटतात, एकमेकींसारख्या दिसतात. मी एकदा तासभर गोल गोल फिरले, शेवटी पऱ्या धरला आणि पाण्याबरोबर खाली आले, आपल्या डोंगरात करतो तसंच. तुम्हीही वाट चुकलात तर पाणी धरा.

सव्वा महिना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी लेक आली. नातीला अंगडं-टोपडं, काजळाची तीट, वर तिकडचं लोकरी. ब्ल्यूबेल उतरायला लागली होती पण बीचला नुकती पालवी फुटलेली, कोवळी इतकी की उन्हाला धरली तर आरपार दिसते, आणि कडेला रेशमासारखी बारीक लव. लेकीने एक पान फांदीवरच वाकवून नातीच्या गालाला लावलं. ती जागी होती, तिने डोळे मोठे केले. ह्या एका मिनिटासाठी मी हंगाम सोडून गेले होते असं मला वाटलं.

तर जाणार असाल तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत, शक्यतो कामाच्या वारी, सकाळी. शनिवार-रविवारी गर्दी होते. यार्डलीचा दगड शोधायचा असेल तर घरून नकाशावर जागा बघून घ्या, आत रेंज येते-जाते.

आणखी एक. गेल्या आठवड्यात पाऊस थांबला होता तेव्हा दादा स्वतःहून घरी आले आणि ह्यांना म्हणाले चला, एक दाखवतो. देवरहाटीच्या मागे पऱ्याच्या वरच्या अंगाला गेले दोघं. मी पण गेले मागून. करवंदीच्या जाळीपाशी उतारावर एक सपाट जागा, इतकी वर्षं आम्ही तिथून जातो, गुरं तिथे बसतात म्हणून सपाट झाली असं मी समजत होते. दादांनी कोयतीने वरचा पाला आणि माती खरवडली. वितभर खाली माती काळी. ते म्हणाले ही आमच्या बापाच्या वेळची, आणि बापाबरोबर इथे कोण कोण राबायचं त्यांची नावं घेतली, चार की पाच. ह्यांनी खिशातून आंब्याच्या हिशेबाची वही काढली आणि मागच्या पानावर ती नावं लिहून घेतली.